घरच्या इंटरनेटवरून वेबसाइट चालवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या कपाटाखाली, एक जुना लॅपटॉप गेली सहा वर्षं चालू आहे. माझ्या आईनं आणि तिच्या वयाच्या बायकांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणं त्यावर आहेत, आणि ती जगात कुठूनही ऐकता येतात. हे घरून कसं जमवलं, असं विचारणारे बरेच भेटतात. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. एकच विनंती आहे : काहीही विकत घेण्याआधी तिसरा प्रश्न वाचा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याची जागा, स्वस्तात मिळत असताना हा खटाटोप कशासाठी?

दुकानाची, दवाखान्याची, पैशांच्या व्यवहाराची साइट असेल तर हा खटाटोप करू नका. ती दोन तास बंद पडली तर लोकांची अडचण होते, आणि घरची साइट कधी ना कधी दोन तास बंद पडतेच.

पण काही गोष्टी आपल्या घरात, आपल्या ताब्यात असाव्यात असं वाटतं. जिओसिटीज या मोफत होस्टिंग सेवेवर लोकांनी बांधलेली लाखो पानं २००९ मध्ये सेवा बंद झाली तेव्हा एकदम गेली; काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढी उतरवून घेतली, बाकीची कायमची नाहीशी झाली. आईचा आवाज असा कोणाच्या मर्जीवर ठेवायची माझी तयारी नव्हती. शिवाय इंटरनेट मुळात कसं चालतं हे शिकायचं असेल तर घरच्या सर्व्हरसारखी शाळा नाही.

संगणक कोणता लागतो?

घरात पडून असलेला. दहा वर्षांचा लॅपटॉप साध्या साइटला भरपूर होतो. त्यावर डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्सची मोफत प्रणाली टाका, आणि पानं पाठवणारा वेब सर्व्हर प्रोग्राम म्हणून कॅडी किंवा एनजिनएक्स. नवख्यांना मी कॅडी सुचवतो, कारण सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र ते आपलं आपण आणतं. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवा, तेवढा खर्च मात्र नक्की करा.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक छान आहे, पण त्याला मेमरी कार्डवरून वर्षानुवर्षं चालवू नका. लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी, सारखे लिहिले जातात, कार्ड झिजतं, आणि लिहिता लिहिता लाइट गेली की त्यावरची माहिती खराब होते. पायलाही एसएसडी जोडा.

माझ्या घराला बाहेरून पोहोचता येईल असा आयपी आहे का, हे कसं ओळखायचं?

आयपी म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता. ब्राउझरमधून राउटरच्या पानावर जा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तिथे ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या मथळ्याखाली एक आयपी दिसेल, तो कागदावर लिहून घ्या. मग ‘माझा आयपी काय’ हे सांगणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे सारखे असतील तर तुमचं नशीब चांगलं आहे. वेगळे असतील तर तुम्ही बहुधा सीजीनॅटच्या मागे आहात. राउटरमधला आकडा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल तर शंकाच नको. ती पट्टी २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. काही कंपन्या १० नं सुरू होणारे आकडेही वापरतात.

सीजीनॅट म्हणजे काय ते वाड्याच्या उदाहरणानं सांगतो. एका वाड्यात चाळीस बिऱ्हाडं आहेत, आणि बाहेरच्या जगाला वाड्याचा एकच पत्ता माहीत आहे. आतून कोणी पत्र पाठवलं तर दारावरचा माणूस वहीत नोंद करतो, आणि उत्तर आलं की नोंद बघून त्या बिऱ्हाडात नेऊन देतो. पण बाहेरून कोणी आपणहून पत्र टाकलं, तर ते कोणाचं हे त्याला कळायला मार्ग नाही. तो ते फेकून देतो. तुमच्या साइटवर येणारा प्रत्येक पाहुणा हे असं आपणहून आलेलं पत्र असतो.

कंपन्या हे दुष्टपणानं करत नाहीत. आयपीव्ही४ चे, म्हणजे आयपीच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले, आणि आपल्या आशिया-पॅसिफिक विभागात त्याच एप्रिलपासून रेशनिंग सुरू झालं. भारतात घरोघरी फायबर आलं ते त्यानंतर. उशिरा पंगतीला बसलेल्याच्या वाट्याला जे येतं ते आपल्या वाट्याला आलं.

हे कळायला मला तीन आठवडे लागले. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची क्रमांकाची दारं, उघडत होतो, सर्व्हर पुन्हा पुन्हा बसवत होतो, आणि चूक माझ्या घरात नव्हतीच.

सीजीनॅट असेल तर मार्ग काय?

पहिला, सरळ मार्ग : नेटवाल्याकडे स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, जाहीर आयपी मागा. गावातले लहान ब्रॉडबँडवाले पुष्कळदा महिन्याला थोडे जादा पैसे घेऊन देतात. मोठ्या कंपनीच्या ग्राहक सेवेवर पहिल्या माणसाला प्रश्न कळेलच असं नाही, तेव्हा ‘पब्लिक स्टॅटिक आयपी हवा आहे’ हे एकच वाक्य शांतपणे म्हणत राहा.

दुसरा मार्ग बोगद्याचा. आतून बाहेर जाणारी जोडणी सीजीनॅट अडवत नाही. मग आपला सर्व्हरच बाहेरच्या एका यंत्राला फोन लावतो आणि लाइन धरून ठेवतो. पाहुणे त्या बाहेरच्या यंत्राकडे येतात, आणि त्याच लाइनवरून आत पोहोचतात. क्लाउडफ्लेअर टनेल हे काम फुकट करतं, तुमचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्यांच्याकडे असलं म्हणजे झालं. त्यात एक गोष्ट समजून घ्या : सुरक्षित जोडणीचं कुलूप त्यांच्या दारात उघडतं, म्हणून येणारीजाणारी माहिती त्यांना वाचता येते. सार्वजनिक ओव्यांना त्याची काही अडचण नाही. घरच्या खासगी फोटोंसाठी मी तो मार्ग धरणार नाही.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो : एक अगदी लहान व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधला आभासी संगणक, भाड्यानं घ्यायचा आणि घरापासून तिथपर्यंत वायरगार्ड या प्रोग्रामनं कुलूपबंद बोगदा काढायचा. वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, मांडणीच्या दहा-बारा ओळी लिहिल्या की चालू. व्हीपीएसनं फक्त पुढे पाठवायचं काम करायचं, प्रमाणपत्र आणि माहिती दोन्ही घरात राहतात. पैसे द्यायचेच तर होस्टिंगला का देऊ नयेत, हा प्रश्न रास्त आहे. पण इथे व्हीपीएस बदलायला अर्धा तास लागतो, आणि घरातलं काहीच हलवावं लागत नाही.

आयपीव्ही६ नं हे सगळं सुटत नाही का?

निम्मं सुटतं. आयपीव्ही६ ही आयपीची नवी पद्धत, तिच्यात पत्त्यांचा तुटवडा नाही. तिच्या वापरात भारत जगात पुढच्या रांगेत आहे, आणि तुमच्या घराला ते बहुधा मिळालेलंही असेल. त्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे आलेला पाहुणा ठरावीक यंत्राकडे पाठवायची राउटरमधली मांडणी, नको; फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या यंत्रापुरती ८० आणि ४४३ ही वेबची दोन पोर्टं उघडायची. मोबाइलवरून बघणारे बहुतेक लोक थेट पोहोचतात.

उरलेल्या निम्म्यांची पंचाईत होते. पुष्कळ ऑफिसांतलं नेट आणि काही केबलवाल्यांचं नेट अजून फक्त आयपीव्ही४ वर आहे. त्यांना साइट उघडतच नाही, आणि का ते कळतही नाही. माझी मावशी ‘तुझी साइट बंद आहे’ म्हणायची आणि माझ्या फोनवर ती चालू असायची, त्याचं कारण हेच निघालं. तेव्हा आयपीव्ही६ जरूर चालू करा, पण सोबत बोगदाही ठेवा.

आयपी सारखा बदलतो. मग डोमेन कसं जोडू?

डायनॅमिक डीएनएस. डीएनएस म्हणजे कोणत्या डोमेनचा आयपी कोणता हे सांगणारी इंटरनेटची वही. आयपी बदलला की सर्व्हरवरचा एक छोटा प्रोग्राम नवा आकडा कळवतो. डकडीएनएस फुकट आहे. स्वतःचं डोमेन असेल तर बहुतेक डीएनएस सेवांना हे थेट कळवता येतं. त्या नोंदीची मुदत (टीटीएल) पाच मिनिटं ठेवा, म्हणजे जुना आकडा कोणी फार वेळ धरून बसणार नाही.

मोबाइल डेटावरून साइट उघडते, पण घरच्या वायफायवरून नाही. काय बिघडलंय?

काहीच नाही. घरातून निघून आपल्याच जाहीर पत्त्यावर परत येणारी वाट अनेक राउटरना जमत नाही. घरात असताना सर्व्हरचा आतला पत्ता वापरा. आणि साइट चालते का हे नेहमी वायफाय बंद करूनच तपासा.

नेट कंपनीला हे चालतं का?

करार वाचा. घरगुती योजनांच्या अटींत ‘सर्व्हर चालवू नये’ किंवा ‘व्यावसायिक वापर नको’ असं पुष्कळदा लिहिलेलं असतं. दिवसाला पन्नास पाहुण्यांच्या साइटकडे कोणी बघत नाही हे खरं असलं, तरी मी नेटवाल्याला सगळं आधी सांगितलं होतं. त्याचा फायदा असा झाला की लाइन बंद पडली की तो माझ्याकडे लवकर येतो. काही ठिकाणी ८० क्रमांकाचं पोर्ट वरूनच अडवलेलं असतं, तेही त्यालाच विचारा.

घरच्या नेटचा वेग पुरेल का?

डाउनलोडचा आकडा विसरा, अपलोडचा बघा. ५० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला साधारण सव्वासहा एमबी. ४०० केबीचं पान असेल तर सेकंदाला पंधरा पानं. आपल्या साइटला एवढी गर्दी क्वचितच होते.

ध्वनिमुद्रणाचा हिशेब मी असा केला : पाच मिनिटांची ओवी १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये ४.८ एमबी होते. तीच ओपस या ध्वनिप्रकारात ३२ केबीपीएसवर ठेवली तर १.२ एमबी. एकट्या आवाजाला ते पुरतं, जात्याची घरघरसुद्धा नीट ऐकू येते. महिन्याला हजार लोकांनी ऐकली तरी दीड जीबीच्या आत. अनेक योजनांमध्ये महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, तिच्या पासंगालाही हे पुरत नाही. व्हिडिओ मात्र घरून दाखवू नका.

लाइट गेली की काय?

हा आपल्याकडचा खरा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

तीन गोष्टींना वीज लागते : सर्व्हर, राउटर आणि नेटवाल्याची वाट. लॅपटॉप असेल तर पहिलीचं काम झालंच, बॅटरी आत आहे. फक्त ती वर्षभर १०० टक्के भरलेली राहिली तर फुगते. ज्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे तिथे ती लावा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी खालून हात फिरवून बघा. फुगवटा जाणवला तर बॅटरी त्याच दिवशी काढा.

राउटरसाठी बाजारात १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. घरात इन्व्हर्टर असूनही दर वेळी राउटर पुन्हा सुरू होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा : त्यावर ‘यूपीएस’ मोड असतो, त्यात बदली पटकन होते.

तिसरी गोष्ट आपल्या हातात नसते. खऱ्या घरगुती फायबरमध्ये नेटवाल्याच्या केंद्रापासून तुमच्या डब्यापर्यंत मधे कुठेही वीज लागत नाही, वाटेतले स्प्लिटर नुसती काच असतात. केंद्रात बॅटरी असली की सगळा गाव अंधारात असूनही नेट चालू राहतं. पण कित्येक सोसायट्यांत फायबर गच्चीवरच्या स्विचपर्यंत येतं आणि पुढे तांब्याची केबल असते. इमारतीची लाइट गेली की तो स्विच गेला. तुमच्या घरात शिरणारी वायर काचेची आहे की तांब्याची, एवढं एकदा बघून ठेवा.

पावसाळ्यात यानं आणखी एक फरक पडतो. काचेतून वीज वाहत नाही. गच्चीवरून येणाऱ्या तांब्याच्या केबलमधून वाहते, आणि वळवाच्या एका कडकडाटात राउटर आणि सर्व्हर दोन्ही जळू शकतात. जूनच्या आधी त्या केबलला सर्ज प्रोटेक्टर बसवा. विदर्भातल्या मित्रांना उन्हाळ्याचं सांगेन : पाय ८० अंशांना पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून बंद कपाटात ठेवू नका.

वीजबिल किती वाढेल?

पाय ५ वॅट धरा : महिन्याला ३.६ युनिट. लॅपटॉप १२ वॅट : ८.६ युनिट. जुना डेस्कटॉप ७० वॅट : ५० युनिट, आणि महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटांनंतरचा टप्पा महाग असतो. डेस्कटॉप राहू द्या.

कुलपाचं चिन्ह, म्हणजे एचटीटीपीएस, कसं मिळतं?

लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून, २०१५ पासून, फुकट. प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि नूतनीकरण यंत्रानंच व्हायला हवं. २०२९ पर्यंत सर्वच प्रमाणपत्रांची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे, त्यामुळे हातानं करायची सवय आताच सोडा. ८० चं पोर्ट बंद असेल तर डीएनएसच्या पद्धतीनं पडताळणी करा.

कोणी घुसलं तर?

सर्व्हर जगासमोर आला की काही मिनिटांत दारावर थापा सुरू होतात. लॉग उघडला तर वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधणाऱ्या, पासवर्डची फाइल मागणाऱ्या शेकडो ओळी दिसतील, तुमच्याकडे वर्डप्रेस नसलं तरी. माणसं नसतात ती, यंत्रं सगळे पत्ते ओळीनं चाचपत असतात. घाबरू नका, पण दारं नीट लावा.

साइट स्थिर पानांची ठेवा. जिथे डेटाबेस नाही, लॉगिन नाही, तिथे फोडायला फारसं काही उरत नाही. माझ्या साइटची सगळी पानं ह्यूगो या प्रोग्रामनं आधीच तयार होतात. बाहेर फक्त ८० आणि ४४३ उघडा. एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर लांबून काम करायचं दार, बाहेर ठेवूच नका, लांबून काम करायचं तर आधी वायरगार्डनं घरात या. एसएसएचला पासवर्ड बंद, फक्त किल्लीची फाइल. सुरक्षेची अपडेट आपोआप होऊ द्या. राउटरचा मूळ पासवर्ड बदला, यूपीएनपी (घरातल्या यंत्रांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. आणि जमलं तर सर्व्हरला घरच्या फोन-लॅपटॉपांपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, म्हणजे तो गेला तरी बँकेचं काम होणारा संगणक वाचेल.

त्याच पद्धतीनं घरचे सीसीटीव्ही बाहेरून बघायला पोर्ट उघडू का?

मुळीच नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं अशाच, कारखान्यातला पासवर्ड न बदललेल्या कॅमेऱ्यांची आणि राउटरांची फौज उभी करून मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या. कॅमेरा बघायचा तर वायरगार्डमधून बघा.

साइट मराठीत आहे. वेगळं काही करावं लागतं का?

हो, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

देवनागरी डोमेन घेता येतं, .भारत २०१४ पासून आहे. पण पत्त्याच्या पुढच्या भागात देवनागरी ठेवताना विचार करा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि पत्ता कॉपी केला की प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. ‘ओवी’ हा एवढासा शब्द व्हॉट्सअॅपवर पाठवताना सत्तावीस अक्षरांची टक्क्यांची माळ होऊन जातो. मी पानाचं नाव, मजकूर सगळं मराठीत ठेवतो आणि पत्ता तेवढा रोमन लिपीत.

दुसरी गोष्ट ‘ऱ’ ची. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतं : एकसंध, किंवा ‘र’ अधिक नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखीच, लिनक्सला दोन वेगळी नावं. जुन्या मॅकवरून ‘सासऱ्याची ओवी’ नावाची फाइल सर्व्हरवर टाकली आणि दुव्यात तेच नाव टाइप केलं, तरी ‘पान सापडत नाही’ येतं. मी त्यात एक अख्खा रविवार घालवला. फाइलींची नावंही रोमन ठेवा, किंवा सगळी एनएफसी या एकाच ठरलेल्या युनिकोड रूपात आणा.

टंक स्वतःच्या सर्व्हरवरूनच द्या. मुंबईच्या एक टाइपनं केलेला मुक्ता मोकळ्या परवान्याचा आहे आणि जोडाक्षरं सुबक दाखवतो. तुमच्याकडचा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही.

ईमेलसुद्धा घरून चालवू का?

नको. २५ क्रमांकाचं पोर्ट बहुधा बंद असतं, आणि घरगुती आयपीवरून आलेली पत्रं मोठ्या सेवा घेतच नाहीत.

परदेशातल्या नातेवाइकांना साइट हळू उघडते. काय करू?

अंतराला इलाज नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. तारा अगदी सरळ असत्या तरी जाऊन यायला सव्वाशे मिलिसेकंद लागले असते, आणि त्या सरळ नाहीत. पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात. पानं हलकी ठेवा, एका पानावर पंचवीस फाइली मागवू नका. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या बहिणीला एवढ्यानं फरक जाणवला.

घरातल्या कोणी चुकून बटण बंद केलं तर?

जगातला पहिला वेब सर्व्हर जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर चालायचा. त्यावर लाल शाईनं लिहिलेली चिठ्ठी होती : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. आमच्या प्लगवरही तशीच चिठ्ठी आहे, आईच्या अक्षरात. त्याशिवाय, झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपणार नाही अशी मांडणी करा, आणि डेस्कटॉप असेल तर वीज परत आली की आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीत, लावा.

आणि बॅकअप?

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. माझी पहिली प्रत सर्व्हरवर, दुसरी कपाटातल्या हार्डडिस्कवर, दर रविवारी. वर्षातून एकदा ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून सगळ्या फाइली खरोखर उघडतात का हे बघतो. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

तिसरी प्रत मी ओव्या म्हणणाऱ्या बायकांच्या घरी दिली. प्रत्येकीच्या घरी एक पेनड्राइव्ह, त्यात सगळ्या जणींच्या ओव्या. त्यांतल्या दोघी आता नाहीत. एकीच्या नातीनं गेल्या दिवाळीत फोन करून विचारलं, घरून सर्व्हर कसा लावतात.